अटलांटिकपारचें भाडें

कांहीं वर्षांपूर्वीं कन्येच्या बाळंतपणानिमित्त आम्ही उभयतां लंडनला चार महिने राहिलों होतों. चिरंजीव त्या वेळीं बोस्टनला नोकरींत होता व रजा मिळत नसल्यानें त्याला भाचीला पाहावयास येतां येत नव्हतें. अमेरिकेचा प्रवेशपरवाना आमच्या पारपत्रांवर पूर्वींच उमटलेला होता. तेव्हां इतक्या दूर आलोंच आहों, तर समुद्र ओलांडून आठ दिवस मुलाकडे जाऊन यावें, असें सौभाग्यवतीच्या मनानें घेतलें. पैसे देण्यास दोन्हीं मुलें तयार होतीं. परंतु निवृत्तिवेतनांतून साठविलेल्या रकमेंतच हा प्रवास बसवावयाचा, असा माझा हट्ट होता. तो हट्ट होता हें आज मान्य करतों.

जांवईबापूंनीं संगणक पुढें घेऊन भाडीं दाखविण्यास प्रारंभ केला. एका जुन्या कंपनीचें नुसतें जाण्याचें भाडें जाऊन येण्याच्या भाड्याहून अधिक होतें! अर्ध्या अंतरास पुऱ्याहून अधिक मोल, हें त्रैराशिक चाळीस वर्षांच्या मास्तरकींत मीं कोणास शिकविलें नव्हतें. जांवईबापूंनीं उलगडा केला, तो असा : एकेरी तिकीट मागणारा बहुधा कामाच्या घाईंतला असतो, तो वाटेल तें देतो. परतीचा दिवस आधींच ठरविणारा आमच्यासारखा मनुष्य पैसे मोजून निघालेला असतो. भाडें अंतराचें नसून उतारूच्या निकडीचें असतें. नव्या लहान कंपन्या मात्र जाण्याचें व येण्याचें भाडें वेगवेगळें लावतात.

अशाच एका लहान कंपनीचें भाडें इतरांच्या मानानें इतकें कमी होतें कीं, मला शंका आली. जेवण निराळें, पेटीचे पैसे निराळे, बसावयाची जागा निवडण्याचे सुद्धां निराळे. तरी बेरीज कमीच. "ही कंपनी एवढें स्वस्त कसें देते?" असें मीं विचारलें. "स्पर्धा, बाबा," एवढेंच उत्तर मिळालें. त्या एका शब्दाचा अर्थ लावण्यासाठीं मीं तेथील सार्वजनिक वाचनालयांत पुष्कळ दुपारी घालविल्या.

१९४५ मध्यें हवाना येथें विमानकंपन्यांचा आंतरराष्ट्रीय संघ, म्हणजे आयाटा, स्थापन झाला. पुढच्याच वर्षीं बर्म्युडा बेटावर ब्रिटन व अमेरिका यांच्यांत करार होऊन भाडीं ठरविण्याचें काम या संघाच्या परिषदांकडे गेलें. कंपन्यांनीं एकत्र बसून भाडें ठरवावें व सरकारांनीं त्यास संमति द्यावी, अशी ती व्यवस्था. एका आळींतील सर्व वाण्यांनीं एकाच ओट्यावर बसून तुरीच्या डाळीचा भाव ठरविण्यासारखाच हा प्रकार. आइसलंडची लोफ्टलाइडिर कंपनी त्या ओट्यावर बसली नाहीं. हळू चालणाऱ्या विमानांतून रेक्याविकमार्गें ती न्यूयॉर्क व लक्झेंबर्ग यांमध्यें थोड्या पैशांत नेआण करी. फाटक्या खिशाच्या तरुणांचा तिच्यावर फार लोभ होता.

खरा धक्का दिला तो फ्रेडी लेकर या इंग्रज गृहस्थानें. परवान्यासाठीं १९७१ पासून सहा वर्षें सरकारदरबारीं व न्यायालयांत झगडून त्यानें २६ सप्टेंबर १९७७ रोजीं लंडनच्या गॅट्विक विमानतळावरून न्यूयॉर्कला आपली 'स्कायट्रेन' सुरू केली. भाडें ५९ पौंड. आगाऊ आरक्षण नाहीं. जावयाचें त्या दिवशीं रांगेंत उभें राहून तिकीट घ्यावयाचें, आणि जेवण हवें तर त्याचे पैसे द्यावयाचे. आमच्या एस्. टी. च्या थांब्यावरचीच ही रीत! जे कधीं अमेरिकेस जाण्याचें मनांतही आणीत ना, ते लोक त्या रांगेंत उभे राहिले. मोठ्या कंपन्यांनीं मग आपलींही भाडीं उतरविलीं. म्हणजे लेकरच्या विमानांत ज्यानें पाऊल ठेविलें नाहीं, त्याचेही पैसे लेकरमुळें वांचले.

परंतु ५ फेब्रुवारी १९८२ रोजीं ती कंपनी बुडाली. डॉलरमध्यें काढलेलें कर्ज, मंदी आणि प्रतिस्पर्ध्यांनीं उतरविलेलीं भाडीं, अशीं कारणें सांगतात. प्रतिस्पर्ध्यांनीं संगनमत करून तिला बुडविलें, असा दावा अमेरिकेंत लावण्यांत आला. तो १९८५ मध्यें तडजोडीनें मिटून धनकोंस पैसे मिळाले. कंपनी मात्र परत आली नाहीं. पुढें या महासागरावर हीच कथा अनेकवार घडली. २०१८ मध्यें प्रायमेरा बंद पडली, २०१९ मध्यें आइसलंडची वाउ गेली, आणि नॉर्वेजियननें २०२१ मध्यें अटलांटिकपारचीं उड्डाणें सोडून दिलीं.

यांत मला गंमत वाटली ती निराळीच. २००८ मध्यें युरोप व अमेरिका यांच्यामधील आकाश उभयपक्षीं खुलें झालें. तोंपर्यंत लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून अमेरिकेस विमानें नेण्याची मुभा दोन्हीं देशांच्या मिळून चारच कंपन्यांना होती. आतां स्पर्धा मातेल असें वाटावें, तों २०१० मध्यें ब्रिटिश एअरवेज, अमेरिकन व आयबेरिया या कंपन्यांना या मार्गावर एकत्र व्यवहार करण्याची व भाडीं एकविचारें ठरविण्याची अनुज्ञा अमेरिकन सरकारनें दिली. अशा आणखीही जोड्या आहेत. जुना ओटा मोडला खरा, पण त्याच्याच दगडांचे दोनतीन लहान ओटे उभे राहिले!

हें सर्व वाचूनही मीं त्या लहान कंपनीचेंच तिकीट घेतलें. निघावयास तीन आठवडे असतां ती बंद पडली. तिचें नांव लिहीत नाहीं. माझ्या अडचणीपेक्षां तिच्या नोकरांची अडचण मोठी होती. सकाळीं चहा घेतांना जांवईबापूंनीं बातमी दाखविली. सौभाग्यवती कांहीं बोलली नाहीं. मुलासाठीं भाजून ठेविलेल्या मेतकुटाचा डबा तिनें फडताळांत वरच्या फळीवर ठेवून दिला. त्याच दिवशीं दुसऱ्या कंपन्यांचीं भाडीं पाहिलीं, तों आदल्या आठवड्याच्या जवळजवळ दीडपट झालेलीं. स्पर्धा या शब्दाचा अर्थ त्या सकाळीं मला नीट कळला.

रेक्याविकपर्यंत एक व तेथून पुढें दुसरें, अशीं दोन सुटीं तिकिटें घेतल्यास कांहीं वांचत होतें. परंतु सुट्या तिकिटांत मधल्या ठिकाणीं पेटी उचलून पुन्हां द्यावी लागते, त्यासाठीं त्या देशांत शिरावें लागतें, आणि भारतीय पारपत्रावर तेथें शिरण्यास युरोपचा परवाना हवा. तो आमच्याकडे नव्हता. गोऱ्या पारपत्रवाल्यांनीं लिहिलेल्या काटकसरीच्या उपदेशांत ही गोष्ट कोणी लिहीत नाहीं. शिवाय पहिलें विमान चुकलें, तर दुसऱ्या कंपनीवर त्याचें उत्तरदायित्व नसतें.

माझी रक्कम पुरेना. शेवटीं दोघां मुलांनीं निम्मीनिम्मी भर घातली व आम्ही जुन्या मोठ्या कंपनीच्या विमानानें गेलों. बोस्टनच्या विमानतळावर मुलगा उभा होता. मेतकुटाचा डबा त्यानें गाडींतच उघडला.

बुडालेलें तिकीट जांवईबापूंनीं उधारीच्या कार्डावर घेतलेलें होतें. शंभर पौंडांहून महाग वस्तु अशा कार्डावर घेतल्यास विकणाऱ्याबरोबर बँकही उत्तरदायी, असा १९७४ चा ब्रिटिश कायदा आहे. त्याप्रमाणें पैसे परत आले. तोंवर आम्ही पुण्यास पोंचलों होतों. ते मुलांच्या पैशांच्या फेडीस धरावे, असें मीं कळविलें. दोघांनींही त्या पत्राचें उत्तर अद्याप दिलेलें नाहीं.