गाडी किती देते?

आमच्या बेळगाव भागात दुभत्या म्हशीविषयी आणि मालवाहू गाडीविषयी एकच प्रश्न विचारला जातो : किती देते? म्हशीच्या बाबतीत उत्तर लिटरांत येते, गाडीच्या बाबतीत किलोमीटरांत. वस्तुतः गाडी काही देत नाही, ती पिते. तरीही 'आमची गाडी चौदा देते' असे सांगताना मालकाच्या चेहऱ्यावर गोठ्यातला अभिमान उमटतोच. या आकड्यास आपण 'अ‍ॅव्हरेज' म्हणतो. पण विक्रेत्याच्या कागदावर छापलेली ही सरासरी नेमकी कशाची, असे विचारण्याची चाल नाही. म्हैस घेणारा शेतकरी निदान दोन वेळची धार आपल्यासमोर काढून पाहतो. गाडी घेणाऱ्यास तेवढीही सोय नाही.

आमच्या पुतण्याने २०२३ च्या दसऱ्याला एका भागीदारासह नवी पिकअप गाडी घेतली. बेळगावच्या बाजारात रात्री भाजी भरायची, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करीत घाट उतरायचा, साखळी, डिचोलीवरून पहाटे म्हापसा गाठायचे आणि रिकामे क्रेट घेऊन परत यायचे, असा हा व्यवसाय. गोव्यातल्या कितीतरी घरांची सकाळची भाजी याच वाटेने जाते. जाऊन-येऊन, दोन्हीकडच्या बाजारातले हेलपाटे धरून, एक फेरी २३५ किलोमीटरांची होते. माहितीपत्रकातला आकडा होता लिटरला १४ किलोमीटर; म्हणजे फेरीला १७ लिटरांच्या आतच डिझेल. भाडे, चालकाचा पगार, टायर, बँकेचा हप्ता ही सारी मांडणी या १७ लिटरांवर उभी होती. जमाखर्चाची वही आमच्याकडे असते. निवृत्त गणित-शिक्षकास घरात दुसरे कोणते काम देणार?

पहिल्या महिन्याअखेर वहीत फेरीमागे साडेतेवीस लिटर निघाले. म्हणजे लिटरला १०. महिन्याच्या २४ फेऱ्या धरल्या तर १६० लिटर जादा, आणि ही रक्कम हप्त्याच्या जवळपास जाणारी. विक्रेत्याकडे विचारणा केली. 'इंजिन अजून मोकळे झालेले नाही, तिसऱ्या सर्व्हिसिंगनंतर बघा,' असे हसतमुख उत्तर मिळाले. तिसरे सर्व्हिसिंग झाले. १० चे १०.२ झाले.

हे नुसत्या पैशांचे दुःख असते तर त्यावर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण भागीदाराच्या मनात छापील आकडा हा खराच होता. आणि तो खरा असेल तर उरलेले डिझेल कुठेतरी जात असले पाहिजे. 'वाटेत कुठे उतरते ते बघायला हवे,' असे तो एके दिवशी चालकाच्या देखत बोलला. हे चालकमामा वीस-बावीस वर्षे याच घाटात गाड्या चालवीत आलेले, आधी चारशेसातवर, मग या पिकअपवर. ते काही बोलले नाहीत. दोन दिवस कामावरही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सर, तुमी माझ्या शेजारी बसा. टाकी तुमच्या हातानं भरा. मग काय ते बोला."

आम्ही बसलो. एकदा नव्हे, दोन महिन्यांत आठ वेळा. त्याआधी आम्ही त्या १४ च्या आकड्याचा माग काढला, आणि तो माग पुण्यास जाऊन पोचला. तेथील 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था. अशा मान्यताप्राप्त संस्थांत गाड्यांच्या चाचण्या होतात. गाडी रस्त्यावर नेत नाहीत, प्रयोगशाळेत रोलरांवर उभी करतात. चाके फिरतात, गाडी जागच्या जागी राहते. ठरलेल्या क्रमाने वेग वाढवायचा, उतरवायचा, थांबायचे. हा सारा प्रवास १,१८० सेकंदांचा आणि साधारण साडेदहा किलोमीटरांचा. कमाल वेग ताशी ९०, सरासरी ३२ च्या आसपास. वातानुकूलन बंद. डिझेल मापाने मोजतात असेही नाही. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंतल्या कार्बनवरून किती जळले याचे गणित मांडतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे आणि तिच्यात लबाडी नाही. एका कंपनीची गाडी दुसरीशी ताडून पाहायची असेल, तर सर्वांना एकच परीक्षा हवीच.

परंतु दोन गोष्टी वाचून आम्ही वही मिटून काही वेळ स्वस्थ बसलो. पहिली अशी, की या चाचणीत गाडीचे वजन धरतात ते रिकाम्या गाडीत १५० किलो मिळवून. दीड टन माल वाहण्यासाठीच जी जन्मली, तिची परीक्षा दोन माणसे बसवल्यासारखी घेतात! हमालाची ताकद त्याच्या डोक्यावर वर्तमानपत्र ठेवून जोखावी, तसे हे झाले. दुसरी गोष्ट, रोलरांना चढ नसतो. पुण्यातील ही संस्था वेताळ टेकडीवर आहे आणि पुणेकर त्या टेकडीलाच संस्थेचे नाव देऊन मोकळे झाले आहेत. पण टेकडीवरच्या त्या परीक्षेत टेकडी मात्र येत नाही.

आमच्या वाटेवर ती येते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर, म्हापसा जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. भागीदाराचा युक्तिवाद असा, की भरलेली गाडी उतरते आणि रिकामी चढते, म्हणजे घाट आपल्याच बाजूचा. कागदावर हे बिनतोड वाटते. प्रत्यक्षात उतारावर भाजीने दिलेली सारी शक्ती ब्रेक तापवण्यात आणि इंजिनाने गाडी रोखून धरण्यात जाते. तिच्यातला थेंबही टाकीत परत येत नाही. परतीला रिकामी गाडी आणि क्रेट मिळून १,८५० किलो वजन आठशे मीटर नुसते वर उचलायचे म्हटले तरी, इंजिनाची कार्यक्षमता एक-तृतीयांश धरून, सव्वा लिटर डिझेल लागते. पुढे वळणे, दुसरा गिअर, समोरून आलेल्या ट्रकसाठी थांबणे, पुन्हा उचलणे. बाजारात माल उतरेपर्यंत फुटाफुटाने सरकणे. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. ती जाळून साफ करण्यासाठीही अधूनमधून थोडे डिझेल खर्ची पडते. ते हवेच्या भल्यासाठी आहे, आमची तक्रार नाही.

आठही वेळा एकाच पंपावर, एकाच नोझलने, पहिल्या कटपर्यंत टाकी भरली. निघताना वजनकाट्यावर गाडी घातली : माल धरून ३,२०० किलो, दहा-वीस किलो इकडे-तिकडे. मामांनी सबंध वाटेत एकदाही गाडी दामटली नाही आणि उतारावर न्यूट्रलही केली नाही. आठ फेऱ्यांत सर्वांत कमी ९.६, सर्वांत जास्त १०.४. आम्ही गाडीत नसतानाच्या फेऱ्यांचे आकडेही याच दोहोंच्या मध्ये होते. त्या महिन्यांत वाटेत डिझेल उतरलेले नव्हते.

वही भागीदारापुढे ठेवली. त्याने ती शेवटपर्यंत पाहिली आणि 'मग भाडे वाढवावे लागेल' एवढेच म्हणाला. म्हापशाच्या व्यापाऱ्यांनी मागितलेल्या वाढीतली निम्मी दिली. उरलेली तूट पुतण्याने परतीच्या रिकाम्या गाडीला कधीमधी नारळ आणि फरसाणाचे खोके मिळवून भरून काढली. त्याने अ‍ॅव्हरेज आणखी उतरले, पण फेरी परवडू लागली. मामांची क्षमा कोणी मागितली नाही. पुढच्या दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर भागीदाराने त्यांच्या हाती शर्टाचे कापड ठेवले. त्यांनी ते घेतले, गाडीच्या टपावर ठेवले आणि हार बांधायला वळले.

मात्र तेव्हापासून त्यांनी स्वतःची एक वेगळी वही घातली आहे. दर शनिवारी ती घेऊन ते आमच्याकडे येतात, पंपाच्या पावत्या एकेक करून मांडतात, आणि आमची सही झाल्याशिवाय चहाला हात लावीत नाहीत. एवढे करण्याची आता गरज नाही, असे आम्ही दोनदा सुचवून पाहिले. गेल्या शनिवारच्या एका नोंदीत ९.७ च्या पुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिले होते : कणकुंबीस धुके, दीड तास.