नळाच्या पोटात

तोटी फिरवावी आणि पाण्याची धार भांड्यात पडावी, इतकी ही गोष्ट साधी! ते पाणी कोणत्या वाटेने आले, याचा विचार तहानलेला माणूस करीत नाही. परंतु जमिनीखालच्या काळोखात त्या वाटेवर एक सूक्ष्म सृष्टी नांदत असते.

शुद्ध करून सोडलेल्या पाण्यातही थोडे जीवाणू उरतात. ते नळाच्या आतल्या अंगाला चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत लेप तयार करतात आणि त्याच्या आश्रयाने वाढतात. नदीतल्या दगडावर पाय घसरतो, तो अशाच लेपामुळे. यांतील बहुतेक जीवाणू निरुपद्रवी असतात. पण एखादा रोगजंतू त्या लेपात शिरला, तर पाण्यातील क्लोरीन त्याच्यापर्यंत सहजी पोहोचत नाही.

म्हणून नळ कशाचा आहे, याला महत्त्व येते. लोखंड गंजते. गंजाच्या खडबडीत गाठींआड जीवाणूंना निवारा मिळतो आणि पाण्यातील क्लोरीनही तेथेच खर्ची पडतो. प्लॅस्टिक गंजत नाही. मात्र काही प्रकारच्या प्लॅस्टिकांतून व रबरांतून कार्बनयुक्त द्रव्ये किंचित पाण्यात उतरतात. जीवाणूंना तेवढी शिदोरी पुरते. तांब्याची तऱ्हा निराळी. त्याचे अंश पाण्यात मिसळून जीवाणूंना मारक ठरतात. तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातील अनेक रोगजंतू नाहीसे होतात, असे बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले.

मग सारे नळ तांब्याचेच का करू नयेत? फिनलंडमधील संशोधकांनी तांब्याच्या व प्लॅस्टिकच्या नळांतून पाणी खेळवून पाहिले. त्यांचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. तांब्यावर लेप सावकाश चढला खरा; परंतु सुमारे २०० दिवसांनंतर दोन्ही नळांतील जीवाणूंच्या संख्येत फरक उरला नाही!

घरातली घागर चिंच लावून घासली जाते, त्यामुळे तिचे तांबे लखलखीत राहते. नळाच्या पोटात मात्र कोणाचाच हात पोहोचत नाही. तेथे पुटांवर पुटे चढत जातात आणि गुणी धातूचा गुण झाकला जातो.

यासाठीच पाणीखात्याचे कामगार वेळोवेळी जोराने पाणी सोडून नळ धुऊन काढतात आणि वाटेच्या टोकाला असलेल्या घरापर्यंत क्लोरीन टिकला आहे की नाही, हे तपासतात. नळ लोखंडाचा असो, प्लॅस्टिकचा असो की तांब्याचा. त्याची राखण अखेर माणसालाच करावी लागते. ओंजळीतले निर्मळ पाणी हे अशा अनेक अनोळखी हातांचे देणे होय.