बसच्या माइकवर निजामाची सून

तुर्कस्तानात सहलीची बस सुटली की दोन गोष्टी ठरलेल्या. मदतनीस पोरगा प्रत्येकाच्या हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या ओततो आणि गाइड माइक फिरवतो : नाव सांगा, गाव सांगा. शनिवारी पहाटे अंकाराहून आमासऱ्याला निघालेल्या बसमध्ये आम्ही सगळे तुर्की शिकणारे विद्यार्थी, त्यामुळे हा दुसरा कार्यक्रम काही केल्या संपेना. काबूलची मुलगी, चाडचा उंच पोरगा, समरकंदच्या दोघी, एक मंगोलियाचा, मागच्या बाकांवर इंडोनेशियाची टोळी. ऐकता ऐकता लक्षात आलं, त्या टोळीला वगळलं तर समुद्र कुणाच्याच घरचा नाही. अफगाणिस्तान, चाड, उझबेकिस्तान, मंगोलिया, एकालाही किनारा नाही. भारताला आहे, पण परभणीला नाही. आम्हा जिंतूरकडच्या लोकांचं मोठं पाणी म्हणजे येलदरीचं धरण. तेही भरलं तर.

माझी पाळी आल्यावर मी ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ तुर्कीत सांगून पाहिलं. कुणीही हसलं नाही. या म्हणीचा उगम परभणीतले लोकही दहा तऱ्हांनी सांगतात, तिथं माझी तुर्की काय पुरणार!

बार्तिन मागे पडल्यावर बकाजाक नावाच्या उंच वळणावर बस थांबते. खाली दोन खाड्यांच्या मधे डोंगराची जीभ, तिच्यावर जुना किल्ला, आणि जुन्या पुलानं जोडलेलं बोझतेपे बेट. १४६० मध्ये दुसऱ्या मेहमद सुलतानानं हे गाव जिनोआच्या व्यापाऱ्यांकडून घेतलं. इथूनच ते पहिल्यांदा पाहून, जगाचा डोळा म्हणतात तो हाच का, असं त्यानं आपल्या गुरूला विचारल्याची दंतकथा आहे. सुलतानाला एवढं सुचलं. समरकंदच्या एकीच्या तोंडून फक्त ‘निळा’ निघालं. रंग आम्हाला नुकतेच शिकवले होते.

पाण्यात उतरल्यावर मात्र तक्रारी सुरू झाल्या, त्याही इंडोनेशियावाल्यांच्या. हा कसला समुद्र, भरती नाही, ओहोटी नाही, धड खारटही नाही! खरंच आहे ते. डॅन्यूब, नीपर, डॉन अशा थोर नद्या काळ्या समुद्रात गोडं पाणी ओततात, आणि बाहेर जायला बॉस्फरसची चिंचोळी वाट. त्यामुळे वरच्या पाण्यातला खारटपणा महासागराच्या जेमतेम निम्मा. आम्हा कोरड्या मुलखातल्यांना तेवढा खारटपणा भरपूर होता. चाडचा पोरगा तर ओठ निळे पडेपर्यंत बाहेर यायला तयार नव्हता. घरून मायचा फोन : लई आत जाऊ नको.

जेवायला मासे, आणि माझ्यासारख्या शाकाहारी माणसाला आमासऱ्याचं प्रसिद्ध सॅलड : बीट, गाजर, जांभळा कोबी, लोणच्यातल्या मिरच्या, कसकसले पाले, वीसाहून जास्त जिन्नस एका ताटात. गावाजवळ कोळशाची सरकारी खाण आहे. तिथं १४ ऑक्टोबर २०२२ रोजी स्फोट होऊन चाळीसहून अधिक कामगार गेले. हे गाइडनं नाही, आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाईंनी सांगितलं.

गाइडचा जीव राण्यांत. गावाचं नाव आमास्त्रिस या इराणी राजकन्येवरून पडलं, ती तिसऱ्या दारियसची पुतणी, लग्न होऊन या किनाऱ्यावर आली, हे त्यानं रंगवून सांगितलं. मग रविवारी परतताना मीही माइक मागून घेतला. म्हटलं, तुमचीही एक राजकन्या आमच्याकडं सून म्हणून आली होती. शेवटचे खलिफा अब्दुलमजीद यांची मुलगी दुर्रुशेहवार. १९२४ मध्ये खिलाफत गेली, घराणं देशाबाहेर काढलं गेलं, आणि १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात तिचं लग्न हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या मुलाशी झालं. माझं गाव तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात. खुद्द खलिफांसाठी आमच्या मराठवाड्यात, खुलदाबादेत कबर बांधून ठेवली होती. ती रिकामीच राहिली, दफन मदिनेत झालं.

बस एकदम जागी झाली. जर्मनीला जे जमलं नाही ते निजामाच्या सुनेनं केलं : परभणी कुठं आहे ते सगळ्यांना कळलं. मला मात्र थोडं अवघडल्यासारखं झालं. निजामाच्या राज्यातून सुटायला आमच्याकडं लोक लढले, रझाकारांच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो, १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाचं शाळेत झेंडावंदन केलं. आणि इथं त्याच घराण्याच्या वशिल्यानं मी गावाची ओळख करून देत होते. हे सगळं सांगायला लागणारी तुर्की माझ्याकडं नव्हती. असती तरी सांगितलं असतं की नाही, देव जाणे. ऐकणारे खूश होते.

काबूलच्या मुलीनं विचारलं, ती परत येऊ शकली का? म्हटलं, खलिफांच्या घराण्यातल्या बायकांना १९५२ मध्ये परवानगी मिळाली, पण ती राहिली हैदराबाद आणि लंडनला. २००६ मध्ये लंडनलाच वारली. काबूलच्या मुलीनं बोटांवर १९२४ ते १९५२ असा हिशोब केला. अठ्ठावीस वर्षं, म्हणाली. मग चाडच्या पोरानं विचारलं, सासू कशी होती? त्यावर बसमध्ये जो कल्ला झाला, त्यात व्याकरणाचे सगळे नियम मोडले. तेवढ्यात सफ्रानबोलू आलं. जुन्या उस्मानी घरांसाठी १९९४ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं हे गाव. आम्हाला तिथं मिळाला एक तास, आणि तो दुकानादुकानांतून फुकटचा लोकुम चाखण्यात गेला.