बिघाडाचा माग

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद, हे शहर दूरच्या प्रवाशांना ठाऊक आहे ते वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरील मुक्कामाचे ठिकाण म्हणून. परंतु त्याच शहराच्या भोवती चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहती उभ्या आहेत. तेथील कारखान्यांत आणि कचेऱ्यांत आज संगणकावाचून पान हलत नाही. संगणक आला की बिघाड आला, आणि बिघाड आला की तो दुरुस्त करणारा माणूस आला. अशा एखाद्या तंत्रज्ञाचा दिवस डोळ्यांपुढे आणून पाहण्यासारखा आहे.

सकाळी खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच त्याला हाका सुरू होतात. कोणाचा पडदा काळा झालेला असतो, कोणाचा प्रिंटर कागद गिळून बसलेला असतो, तर कोणी आपला परवलीचा शब्दच विसरलेला असतो. हा शांतपणे जातो आणि आधी अगदी साध्या गोष्टी पाहतो. खटका चालू आहे काय? तार सैल तर झाली नाही? पाहणारांना त्याचे हसू येते. परंतु जाणता वैद्य जसा आधी नाडी पाहतो आणि मग औषधाची बाटली उघडतो, तसेच हे आहे. सोपे कारण आधी तपासावयास क्षणभर पुरतो. ते राहून गेले तर अवघड कारणांच्या मागे सारा दिवस जातो.

पुष्कळदा तो यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो आणि ते निमूटपणे चालू लागते. यात जादू काहीच नाही. संगणक चालू असताना त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत असंख्य कामांची गर्दी होते आणि त्यांतील एखादे काम मध्येच अडून बसते. यंत्र बंद केले की ती स्मृती रिकामी होते आणि सारी कामे पुन्हा ओळीने सुरू होतात. एवढ्याने भागले नाही, तर मात्र तो एक नियम कटाक्षाने पाळतो: एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुधारले, तर दोष कोणता होता हे कधीच कळत नाही. आणि जो दोष कळला नाही, तो पुन्हा येतो.

या कामातील खरी कसोटी मात्र यंत्रापाशी नसते, ती माणसापाशी असते. समजा, महिनाअखेर आली आहे. कामगारांच्या पगाराची यादी ज्या संगणकात आहे, तोच आज उघडत नाही. यंत्रप्रणाली सापडत नाही, असा संदेश पडद्यावर दिसतो आहे. सायंकाळपर्यंत यादी गेली नाही, तर कित्येक घरांत पगार वेळेवर पोहोचणार नाही. भोवती माणसे जमली आहेत. कोणी यंत्राला दोष देतो, कोणी त्यावर काम करणाऱ्या नवख्या कारकुनाला. तो बिचारा मान खाली घालून उभा आहे.

तंत्रज्ञ आधी गर्दी पांगवतो, खुर्ची ओढून कारकुनाजवळ बसतो आणि विचारतो, "दादा, घाबरू नका. काल संध्याकाळी हे यंत्र चालत होतं ना? मग कालपासून त्याला नवीन काय जोडलं, तेवढं आठवून सांगा."

कारकून क्षणभर घुटमळतो. मग हळूच म्हणतो, "मागच्या बाजूला माझा पेनड्राइव्ह लावला होता. तसाच राहिला. घरचा आहे, म्हणून बोललो नाही."

बिघाडाचे मूळ सापडते. सुरू होताना संगणक आपल्या यंत्रप्रणालीचा शोध घेतो. काही यंत्रांत तो शोध आधी बाहेरून जोडलेल्या पेनड्राइव्हमध्ये होतो. तेथे ती नसली, की यंत्र अडून बसते. पेनड्राइव्ह काढला, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि यादी पडद्यावर उमटली. घरचा पेनड्राइव्ह कचेरीच्या यंत्राला लावणे धोक्याचे असते, हेही तंत्रज्ञ कारकुनाला समजावून सांगतो; पण ते यंत्र चालू झाल्यावर, आणि एकट्याला. 'कोणी केले?' असा दरडावून प्रश्न आला असता, तर ते उत्तर ओठांवरच राहिले असते आणि तपासात दिवस मावळला असता. जेथे धाक असतो, तेथे खरे उत्तर मिळत नाही. आणि खऱ्या उत्तरावाचून दोष सापडत नाही.

सापडलेला प्रत्येक दोष तो एका वहीत टिपून ठेवतो. ही रीत संगणकाइतकीच जुनी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या संगणकात बिघाड झाला. तपास करणारांना रिले क्रमांक ७० मध्ये अडकलेला एक पतंग सापडला. त्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि किडा खरोखरच सापडल्याची ही पहिली वेळ, अशा अर्थाची मिस्कील नोंद शेजारी केली. यंत्रातील दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची पद्धत त्याच्याही आधीची होती. म्हणूनच तर त्यांना गंमत वाटली. ते पान आता वॉशिंग्टन येथील संग्रहालयात जपलेले आहे.

दिवसभर यंत्रांशी झुंजणाऱ्या माणसाने सुटीच्या दिवशी काय करावे? या शहरात छंदांना तोटा नाही. रविवारी पहाटे त्याने जुन्या नहरीच्या वाटेने फिरावयास निघावे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर याने इ. स. १६१० च्या सुमारास खडकी हे नगर वसवले. तेच आजचे हे शहर. त्याने उत्तरेकडील डोंगरांतील पाणी जमिनीखालून शहरात आणले. नहरीचा पुष्कळसा भाग वाढत्या वस्तीत नाहीसा झाला असला, तरी काही भाग आजही दिसतात. पुढील काळातील अशाच एका नहरीच्या पाण्यावर प्रसिद्ध पाणचक्कीचे जाते फिरत असे.

अशा नहरींवर ठिकठिकाणी तोंडे ठेवलेली असत. पुण्यात कात्रजच्या पेशवेकालीन नळावरील अशा तोंडांना उसासे म्हणतात. समजा, वाटेवर १५ तोंडे आहेत आणि शेवटी पाणी पोहोचत नाही. एकेक उघडत गेल्यास कदाचित १५ वेळा वाकून पाहावे लागेल. त्याऐवजी मधले, आठवे तोंड पाहावे. तेथे पाणी वाहत असेल तर अडथळा पुढे आहे. नसेल तर मागे आहे. मग उरलेल्या भागाचे मधले तोंड पाहावे. अशा चारच पाहण्यांत अडथळ्याचा टप्पा हाती लागतो. कारकुनाच्या टेबलापासून सर्व्हरपर्यंत जाणारी तार तंत्रज्ञ याच रीतीने तपासतो.

हिवाळ्यात त्याने पैठणजवळच्या जायकवाडीच्या नाथसागरावर जावे. तेथे रोहित पक्षी उथळ पाण्यात चोच बुडवून उभे असतात. त्यांना पाहावयाचे तर आवाज न करता, हालचाल न करता तासन्‌तास बसावे लागते. त्या बसण्यात कचेरीचा शीण ओसरतो, आणि घाई न करण्याची सवयही लागते.

नहर वाहती होती, तोवर तिचा गाळ उपसणाऱ्यांची आठवण कोणाला झाली नसेल. घागर भरणाऱ्या बाईला पाणी मिळाले, एवढे त्यांना पुरे होते. तंत्रज्ञाचेही तसेच आहे. पगाराची यादी वेळेवर गेली, कामगार घरी गेले, आणि त्याने वहीत एक ओळ लिहून दिवा मालवला. त्या दिवशी त्याचे नाव कोणाच्याही तोंडी आले नाही. परंतु एक नवखा कारकून निर्धास्त मनाने घरी गेला, ही गोष्ट त्या वहीत लिहिलेली नसली तरी लहान नव्हे.