काळ्या कोटातला पाहुणा

एखादा प्राणी माणसाला आवडतो, त्यामागे बहुधा काही कारण असते. बैल शेतात राबतो, गाय दूध देते, कुत्रा दार राखतो. मोर कामाचा नसला, तरी त्याचा पिसारा डोळ्यांचे पारणे फेडतो. पेंग्विनाने मात्र आपल्यासाठी काहीच केलेले नाही. त्याला धड चालता येत नाही, मुळीच उडता येत नाही, आणि त्याच्या काही जातींचा आवाज तर थेट गाढवाच्या ओरडण्यासारखा आहे. असे असूनही तो साऱ्या जगाचा लाडका होऊन बसला आहे. हे कसे घडले असावे, याचे मला नेहमी नवल वाटते.

आमचे चाळीसगाव खानदेशातले. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस अंशांच्या घरात जातो, तेव्हा भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. अशा गावाच्या बाजारपेठेत मी पेंग्विन पाहिला आहे तो दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, लहान मुलांच्या कपड्यांवर आणि वाढदिवसाच्या केकवरसुद्धा! ज्या मुलांनी बर्फ पाहिला तो केवळ रसवंतीत आणि गोळेवाल्याच्या गाडीवर, ती मुले कागद मिळताच पेंग्विनाचे चित्र काढतात आणि त्याच्या पायांखाली पांढराशुभ्र बर्फ पसरून देतात.

साता समुद्रांपलीकडेही हीच तऱ्हा आहे. इंग्लंडमध्ये १९३५ साली स्वस्त आणि चांगली पुस्तके छापणारी एक संस्था निघाली. तिने आपले नाव ‘पेंग्विन’ ठेवले आणि बोधचिन्हासाठी एका तरुण चित्रकाराला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात या पक्ष्याची रेखाटने करावयास पाठविले. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील प्राणिसंग्रहालयातल्या एका पेंग्विनाला तर १९७२ साली नॉर्वेच्या राजरक्षक दलाने आपल्या पलटणीत दाखल करून घेतले. त्याचे नाव निल्स ओलाव्ह. मूळचा पक्षी वारला की त्याच्या नावाचा आणि हुद्द्याचा वारसा दुसऱ्याकडे जातो. बढती मिळत मिळत २०२३ साली हा पक्षी मेजर जनरल झाला! शिस्तीच्या सैनिकांनाही त्याच्यापुढे हसू आवरले नाही, हेच खरे.

या लोकप्रियतेचे मर्म मला आमच्या मावशीने एका वाक्यात उलगडून दाखविले. मुंबईत भायखळ्याला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. जुने लोक त्याला राणीची बाग म्हणतात. तेथे २०१६ सालच्या जुलै महिन्यात दक्षिण कोरियातील सेऊल शहरातून आठ पेंग्विन आणले गेले. त्यांतील एक थोड्याच महिन्यांत दगावला. उरलेल्या पेंग्विनांचे दर्शन मार्च २०१७ पासून सर्वांना खुले झाले आणि बागेत माणसांची रीघ लागली. आम्हीही भाचरांना घेऊन आगगाडीने सव्वातीनशे किलोमीटरांचा प्रवास करून तेथे गेलो. काचेपलीकडच्या थंडगार दालनात ते पक्षी डुलत डुलत चालले होते. मावशीने ते क्षणभर न्याहाळले आणि आपल्या अहिराणीत ती म्हणाली, “हाऊ ते कोर्टना वकील शे!” आजूबाजूची अनोळखी माणसेही खळखळून हसली. खरोखरच पांढरा सदरा, त्यावर काळा कोट आणि खटला जिंकल्यासारखी ती ऐट. हा पक्षी वकीलसाहेब नव्हे तर दुसरा कोण?

मावशीचे म्हणणे मनात घोळवताना मला वाटले, सारे रहस्य येथेच आहे. पेंग्विन माणसासारखा ताठ उभा राहतो. नुकते चालू लागलेल्या बाळासारखा तो दुडुदुडु चालतो, अडखळतो आणि पुन्हा उठून निघतो. त्याच्याकडे पाहताना आपण पक्षी पाहत नाही. वकील पाहतो, शिपाई पाहतो, घरातले तान्हे मूल पाहतो. थोडक्यात, आरशात पाहावे तसे आपण त्याच्यात स्वतःलाच पाहतो.

पण आरशात पाहणे वेगळे आणि समोरच्याला ओळखणे वेगळे. तो काळा कोट ऐटीसाठी नाही. पेंग्विन पाण्यात पोहत असतो, तेव्हा वरून पाहणाऱ्याला त्याची काळी पाठ खोल समुद्राच्या काळोखात मिसळून गेलेली दिसते. आणि खालून पाहणाऱ्याला त्याचे पांढरे पोट वरच्या उजेडात विरून गेलेले वाटते. वकिलाचा कोट लोकांच्या नजरेत भरावा म्हणून असतो. हा कोट शत्रूच्या नजरेस पडू नये म्हणून आहे. ते आखूड पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला असतात, म्हणूनच जमिनीवर त्याची चाल हास्यास्पद होते. पाण्यात मात्र तेच पाय सुकाणूचे काम करतात. उडता न येणारे ते पंख वल्ह्यांसारखे चालतात आणि जमिनीवर धडपडणारा हा जीव पाण्यात बाणासारखा सुटतो. आपण त्याला हसतो, ते तो घराबाहेर असताना. त्याचे खरे घर पाणी होय.

आणि आमच्या मुलांच्या चित्रांतला तो बर्फ? अंटार्क्टिकातला सम्राट पेंग्विन खरोखर बर्फावर राहतो. तेथला नर सुमारे दोन महिने अन्नावाचून उभा राहून पायांवर ठेवलेले अंडे उबवतो. परंतु राणीच्या बागेतले पेंग्विन त्या कुळातले नव्हेत. ते हम्बोल्ट जातीचे. त्यांचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर, एका रखरखीत वाळवंटाच्या कडेला आहे. वर तळपते ऊन, पायांखाली खडक आणि समोर थंड पाण्याचा प्रवाह, असा त्यांचा संसार असतो. उन्हाच्या बाबतीत तरी हा पाहुणा आम्हा खानदेशकरांना अगदीच परका नाही!

त्याची बिळेही आगळीच असतात. त्या किनाऱ्यावरील बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे जाड थर युगानुयुगे साचले होते. त्याला ‘ग्वानो’ म्हणतात. या थरांत बिळे खणून पेंग्विन आपली अंडी घालीत. पण ग्वानो हे उत्तम खत आहे, हे युरोपातील शेतकऱ्यांना कळले आणि एकोणिसाव्या शतकात जहाजेच्या जहाजे भरून ते खणून नेण्यात आले. खताची किंमत आपल्याला ठाऊक आहे. पण त्या खतात कोणाचे घरटे होते, हे तेव्हा कोणी विचारले नाही. बेटे उघडी पडली आणि पेंग्विन निराश्रित झाले. पुढे २००९ साली पेरूने ही बेटे राखीव म्हणून जाहीर केली.

घर गेले ते माणसामुळे. अन्न जाते ते कधी कधी समुद्रामुळे. नेहमी वारे पेरूच्या किनाऱ्यावरचे उबदार पाणी पश्चिमेकडे लोटतात आणि त्याच्या जागी खालचे थंड, अन्नाने समृद्ध पाणी वर येते. त्यावर लहान मासे जगतात आणि माशांवर पेंग्विन. काही वर्षी हे वारे मंदावतात. गरम पाणी किनाऱ्याशी पसरते, मासे दिसेनासे होतात. हे बहुधा नाताळाच्या सुमारास जाणवते, म्हणून तेथल्या कोळ्यांनी त्याला ‘एल निनो’, म्हणजे बालक येशू, असे नाव दिले. १९८२-८३ च्या एल निनोत पेरूच्या किनाऱ्यावरील हम्बोल्ट पेंग्विनांची संख्या निम्म्याहूनही खाली आली.

समुद्राचे हे तापणे तेथेच थांबत नाही. एल निनोच्या वर्षी पुष्कळदा आपला पाऊसही रुसतो. नेहमीच असे होते असे नाही. १९९७ साली एल निनो प्रबळ असूनही भारतात पाऊस चांगला झाला. पण १९७२ साल आठवून पाहा, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्या वर्षी पेरूच्या किनाऱ्यावरचे मासे नाहीसे झाले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. माझी आई त्या दिवसांविषयी सांगते, तेव्हा तिचा आवाज खाली येतो. कोरड्या पडलेल्या विहिरी, रोजगारासाठी रस्त्याच्या कडेला फोडलेली खडी, हातावर मिळालेली सुकडी आणि मिलोच्या लाल भाकरी! आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या या माणसांना, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक पक्षी समुद्राकडे तसेच डोळे लावून बसला आहे, हे कोठून ठाऊक असणार?

म्हणून मला वाटते, पेंग्विन आपल्यासारखा दिसतो म्हणून आपला आहे, हे अर्धेच सत्य आहे. तो आपल्यासारखा दिसला नसता, तरीही तो आपलाच असता. कारण एकाच समुद्राच्या लहरीवर त्याचाही घास अवलंबून आहे आणि आपलाही. दप्तरावरच्या पेंग्विनावर मुलांनी खुशाल प्रेम करावे. प्रेमाची सुरुवात अशी हसण्यातूनच होत असते. पण एकदा हसून झाल्यावर क्षणभर थांबून, हा कोठला, काय खातो, कोठे राहतो, एवढे त्याला विचारावे. पाहुण्याची विचारपूस करणे, ही तर आपल्या घराची रीतच आहे.