दाब, धर, सोड

काही गोष्टी घरीच कराव्यात आणि काही गोष्टी घरी कधीही करू नयेत, असा आमच्या घरात एक अलिखित कायदा आहे. लोणचं, भाजणी, मेतकूट ही पहिल्या कलमात. केस कापणं, इस्त्री उघडून बघणं आणि नातेवाइकांच्या भांडणाचा निवाडा करणं ही दुसऱ्या कलमात. कायदा अर्थातच आमच्या हिनं केलेला. मोटारीच्या ब्रेकचा पाइप कोणत्या कलमात मोडतो, याचा खुलासा त्यात नव्हता. त्या पळवाटेतून मी निसटलो.

आमच्याकडे 1986 सालची पद्मिनी आहे. कागदोपत्री पद्मिनी, बाकी अख्ख्या गल्लीला ती ‘फियाट’च. मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाल्या, तेव्हा मुलीनं फोन करून माझं सांत्वन केलं आणि त्याच दमात सुचवलं, “बाबा, आपलीही आता देऊन टाका.” तिला दवाखान्यातून घरी आणलं ते याच गाडीतून, ताशी वीस किलोमीटरच्या वेगानं. ती हे विसरली यात तिचा दोष नाही. तेव्हा ती तीन दिवसांची होती.

गेल्या पावसाळ्यानंतर एकदा आम्ही दोघं बाहेरून येत होतो. हिच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. सोसायटीच्या गेटापाशी मी ब्रेक दाबला, तर पेडल लोण्यात सुरी जावी तसं तळाला गेलं. मी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली ती वॉचमनच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. वॉचमन खुर्चीतच होता. ही काही बोलली नाही. डबा घेऊन उतरली आणि संध्याकाळी एवढंच म्हणाली, “मी यापुढे रिक्षानं जाईन.” आरडाओरडा परवडला असता.

गाडीखाली शिरून पाहिलं. मागच्या चाकांकडे जाणारा पोलादी पाइप क्लिपेजवळ, वर्षानुवर्षं चिखल साचून, गंजून फुटला होता. त्या क्लिपा पुसाव्यात हे चाळीस वर्षांत मला सुचलं नव्हतं, तेव्हा दोष कुणाचा ते उघड आहे. पेन्सिलीपेक्षाही बारीक, पावणेपाच मिलिमीटर जाडीचा पाइप. टायरात हवा असते तीस पौंडांच्या आतबाहेर. जोरात ब्रेक दाबला की या काडीत हजार पौंडांच्या वर दाब चढतो. एवढा भार आपण आजवर कुणावर टाकून निर्धास्त हिंडत होतो, हे कळल्यावर मला त्या पाइपापुढे ओशाळल्यासारखं झालं.

आमचे जुने मिस्त्री गावी गेलेले. नव्या गॅरेजवाल्या पोरानं गाडीकडे आजोबांच्या फोटोकडे पाहावं तसं पाहिलं. “तयार पाइप नाही मिळणार, काका. बनवून घ्यावा लागेल.” बनवून ‘घ्यावा’मधला ‘घ्यावा’ मी सोयीस्करपणे ऐकलाच नाही.

सल्ला द्यायला माणसं कमी पडली नाहीत. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, “फ्रिजवाल्याकडून तांब्याची नळी आणा. वाकवाल तशी वाकते.” तिथंच घोडं अडतं. नुसतं तांबं मऊ खरं, पण सततच्या हादऱ्यानं ते कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं. प्लंबर म्हणाला, “मधे तुकडा टाका, सांध्याला टेफ्लॉन टेप गुंडाळा.” त्याचा धंदा पाण्याच्या टाकीचा, तिथला दाब निराळा. ब्रेकच्या पाइपाची गळती टेप थांबवत नाही. पाइपाचं फुलवलेलं तोंड आणि समोरची बैठक, धातूवर धातू घट्ट बसतात, तेच थांबवतं. मधला जोड तर नकोच. पाइप सलग हवा.

उरले दोन उमेदवार. एक पोलाद, स्वस्त आणि दणकट; पण वाकवताना हट्टी, आणि गंजायचं ते गंजणारच. दुसरा तांबं-निकेलच्या मिश्रणाचा, दहा भागांत साधारण एक भाग निकेल. जहाजांत समुद्राचं खारं पाणी ज्या नळ्यांतून खेळवतात, त्या याच जातीच्या. व्होल्वोनं 1976 पासून आपल्या मोटारींना हाच पाइप लावला. आपल्या लहानपणीची पन्नास पैशांची नाणीही याच घराण्यातली, निकेल जरा जास्त एवढंच. ती नाणी कधी गंजलेली आठवतायत? आमच्याकडे ती टिकत नव्हती, पण त्याची कारणं वेगळी. मी तांबं-निकेल घेतलं.

हत्यारांसाठी बोहरी आळी. पाइप करवतीनं कापायचा नाही, कस निघतो आणि तोंड वाकडं होतं. त्यासाठी छोटा फिरता कटर. नटाला साधा पाना लावायचा नाही, कोपरे गुळगुळीत होतात. त्यासाठी फट असलेला सहा बाजूंचा पाना. आणि मुख्य म्हणजे पाइपाचं तोंड फुलवायचं यंत्र. दुकानदारानं दोन दाखवली. स्वस्तातलं तोंड एकदाच फुलवणारं, महागातलं दुहेरी. आधी गोळा करायचा, मग तो आत दुमडायचा. म्हणजे काठ दुपदरी होतो, चिरत नाही. “घरगुती कामाला पहिलं चालतंय की, साहेब.” मी म्हटलं, “पुढच्या सीटवर घरचंच माणूस बसणार आहे.” त्यानं न बोलता महागातलं बांधून दिलं.

नट आणायला नाना पेठ. माझ्या गाडीचे नट दहा मिलिमीटरचे, एक मिलिमीटर आट्याचे. याचा इंचातला चुलतभाऊ, तीन-अष्टमांश इंच आणि इंचाला चोवीस आटे, दिसायला अगदी तसाच. तो दोन फेरे आत जातोही. मग अडतो आणि आपण जोर लावला की आटेच खातो. जुना नट हातात घेऊन गेलो होतो, म्हणून वाचलो.

पहिला पाइप सुरेख झाला. दोन्ही तोंडं फुलासारखी. मी तो हिला दाखवला. हिनं पाहिला आणि विचारलं, “हे नट कुठून घालणार?” दोन्ही तोंडं फुलवण्याआधी नट ओवायचे असतात. ओवाळणीनंतर टोपी आठवावी, तसं झालं. कापा, पुन्हा ओवा, पुन्हा फुलवा. जुन्या पाइपाला सुतळी लावून मापं घेतली होती; त्यात आता चार बोटं कमी पडली. दुसरा पाइप केला. वळणं औषधाच्या बाटलीभोवती काढली.

पाइप बसला. आता हवा काढायची, आणि हे काम एकट्याचं नाही. एकानं चाकाशी निपल उघडायचा, दुसऱ्यानं पेडल दाबायचं. मी जिन्यापाशी जाऊन म्हटलं, “अगं, जरा पाय हवा होता.”

ही आली. न बोलता ड्रायव्हरच्या जागेवर बसली. मी खालून ओरडायचं, “दाब! धर!” मी निपल उघडायचा, बुडबुडे यायचे, निपल बंद करायचा, मग “सोड!” त्याआधी सोडलं तर हवा परत आत. वरच्या डबीतलं तेल मधूनमधून भरत राहायचं. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. लग्नाच्या इतक्या वर्षांत माझं शब्दशः ऐकलं गेलं, तो हा पहिला तास. चौथ्या चाकाला ही आपणहून म्हणाली, “अहो, आता घट्ट लागतंय.”

पेडल दाबून धरून सगळे सांधे कोरड्या फडक्यानं पुसून पाहिले. गॅरेजमधल्या पोराला बोलावलं, त्यानं गाडीखाली शिरून प्रत्येक नट तपासला आणि बाहेर येऊन म्हणाला, “ठीक आहे, काका.” ‘छान’ म्हणाला असता तरी चाललं असतं.

चार दिवस मी एकटाच मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहिली. पाचव्या दिवशी ही चपला घालून खाली आली आणि पुढच्या सीटवर बसली. रिक्षाचा विषय निघाला नाही.

परत येताना गेटापाशी मी ब्रेक दाबला. गाडी रेघेवर थांबली. वॉचमन तेवढा आधीच खुर्चीसकट बाजूला झाला होता. मी हिच्याकडे पाहिलं. समोर बघत होती, आणि उजवा पाय गाडीच्या तळावर गच्च दाबलेला.

“सोड,” मी म्हटलं.