आंघोळीनंतरची खाज

गेल्या दिवाळीत बीबीला गेलो होतो. पहाटे पाणी तापलं, उटणं भिजवून झालं, पण बाबा काही उठेनात. आई हळूच म्हणाली, "आजकाल आंघोळच टाळतात रे. अंगावर पाणी पडलं की तासभर खाजवत बसतात. दिसत तर काहीच नाही."

झालं, शोध सुरू! साबण बदलला. बोअरचं पाणी जड, म्हणून जारचं पाणी वापरून पाहिलं. मलम झालं, कडुनिंबाचा पाला झाला. उपयोग शून्य.

बाबांना पॉलिसायथेमिया व्हेरा आहे, म्हणजे अस्थिमज्जेत तांबड्या पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. हे दोन वर्षांपासून ठाऊक होतं. पण रक्ताचा आणि खाजेचा संबंध कुणाच्या डोक्यात येणार? बाबांचं म्हणणं, "रक्ताच्या डॉक्टरला खाज काय सांगायची?"

शेवटी संभाजीनगरला तपासणीच्या वेळी मीच सांगून टाकलं. डॉक्टरांनी लगेच विचारलं, "आंघोळीनंतरच ना?" या आजाराचं ते नेहमीचं लक्षण निघालं! बहुतेक रुग्णांत जॅक-टू जनुकात बदल असतो, तो २००५ साली सापडला. वेळोवेळी रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांखाली ठेवलं, की गुठळीचा आणि पक्षाघाताचा धोका कमी होतो. खाज मात्र तेवढ्याने जाईलच असं नाही.

तरी गाडीत बसताना बाबा हसले. "म्हणजे मला वेड नाही लागलेलं!"

इतके महिने ते मनात हेच धरून बसले होते. आणि आम्ही साबण बदलत होतो...